चिंगी लावली का?

“काका, आधी हे बघा, मग बॉलकॉक देतो,” असं म्हणून दुकानदाराने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

त्याला खरं तर घाई होती. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक कधीचा अर्धमेला झाला होता. टाकी भरली तरी पाणी थांबायचं नाही, वरून धो धो वाहायचं, आणि खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात उभी राहून ‘काही लोकांच्या’ बेफिकिरीवर अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं व्याख्यान झोडायची. त्यात आज संध्याकाळी लेक मुक्कामाला येणार होती, आणि बायकोने निघतानाच दम भरला होता, “अहो, जाताय खरे, पण नेहमीसारखे हात हलवत परत येऊ नका.” म्हणून त्याने मोबाइलकडे जरा वैतागूनच पाहिलं. काळंपांढरं चित्र, आवाज नाही. उंचावरून दिसणारी कुठलीशी वस्ती, सपाट गच्च्या, गल्ल्यांच्या रेघा, आणि मधोमध एक बारीक पांढरा चौकोन. चौकोन एका गच्चीवर बसला होता, गच्चीवरच्या एका गोल वस्तूवर. गच्ची मोठी मोठी होत अंगावर येत होती. मग चौकोन डावीकडे सरकला, सरकला म्हणजे काय, नुसता दचकला, आणि परत गोल वस्तूवर येऊन बसला. पुढे पडदा करडा झाला आणि संपलं. “काय नेम आहे राव!” दुकानदाराने मांडीवर थाप मारली. “इतक्या लांबून, विमानातनं! बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. सकाळपासून सगळीकडे हेच फिरतंय. आपलंच आहे म्हणतात हे क्षेपणास्त्र, आपल्याच लोकांनी बनवलेलं.” तो म्हणाला, “परत लावा.” दुकानदाराला आनंद झाला. त्याने परत लावलं. गच्ची, चौकोन, दचकणं, करडा पडदा. “परत लावा.” तिसऱ्या वेळी दुकानदाराने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं, कारण गिऱ्हाईक नेमाकडे बघतच नव्हतं. गिऱ्हाईक बघत होतं ते डावीकडचं दचकणं. गर्दीत आपल्या पोराचा खोकला ओळखू यावा तसं त्याने ते ओळखलं होतं. चौकोन ज्या बाजूला दचकला त्या बाजूला, कठड्यापाशी, एक पांढरा ठिपका होता. तांदळाच्या कणीएवढा. हलत होता का? हलत असणारच, त्याशिवाय चौकोन कशाला दचकेल? तो वळला आणि चालू लागला. “अहो काका, बॉलकॉक राहिला की!” दुकानदार मागून ओरडला. त्याने मागे न बघता हात हलवला.

रस्ता रोजचाच होता, पण तो चुकला. चपलांचं दुकान ओलांडून डावीकडे वळायचं, हे पायांना पाठ. तरी पाय सरळच गेले, आणि दवाखान्याच्या फाटकापाशी येऊन उभे राहिले तेव्हा त्याला कळेना की आपण इथे का आलो. तसा तो गोंधळणाऱ्यातला नव्हता. नोकरीत असताना सगळे त्याला ‘भिंग’ म्हणत, इतकी त्याची नजर बारीक. त्याचं आयुष्यभराचं कामच नजरेचं. विमानाच्या पंखाखाली लटकणाऱ्या क्षेपणास्त्राच्या नाकात कॅमेरा असतो. त्या कॅमेऱ्याला काय बघायचं हे शिकवायचं. आणि त्याहून अवघड म्हणजे, काय बघायचं नाही हे शिकवायचं. घरी सांगायची सोय नव्हती, शेजाऱ्यांना तो ‘कॅमेऱ्यांच्या कारखान्यात’ आहे एवढंच ठाऊक, आणि एका मावसभावाने तर कितीतरी वर्षं त्याला लग्नाचे फोटो काढायला बोलावून हैराण केलं होतं. लोकांना वाटेल असल्या कामाची माणसं दगडाच्या काळजाची असतील. कसलं काय! तिथे त्यांचे मोठे साहेब होते, डोकं पांढरंशुभ्र, सगळे त्यांना आजोबाच म्हणत. मुंगी पायाखाली आली तरी पाय उचलून घेणारा माणूस. नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी समोर बसवून गोष्ट सांगितल्यासारखं सांगत, “पूर्वी वरून नुसतं टाकायचे रे. वारा नेईल तिकडे. मग कुणीतरी बॉम्बला पंख लावले, विमानात बसून बिनतारी संदेशाने वळवायला लागले. त्याच्या शेपटीला दिवा, आणि वरचा माणूस दांडी धरून त्या दिव्याकडे बघत बसलेला. मग नाकात कॅमेरा आला. मग लेझर, म्हणजे लक्ष्यावर कुणीतरी ठिपका धरायचा आणि हे ठिपक्याच्या मागे मागे. मग उपग्रह. पण धुक्यात लेझर आंधळं, आणि उपग्रहाचा संदेश शत्रू दाबून टाकतो. म्हणून आपल्याला असं हवंय की जे चित्र पाठ करून निघेल आणि स्वतःच घर ओळखेल.” मग थांबून, चष्मा पुसत, “लहानपणी आमच्याकडचा पूल पाडायला आले होते. आमची गल्ली गेली. शेजारची गेली. पूल अजून आहे, मी जातो ना त्याच्यावरून.” त्या दिवसापासून भिंगाने मनाशी धरलं होतं की आपण नेम बारीक करतोय म्हणजे माणसं वाचवतोय. एखाद्या सर्जनसारखं. दवाखान्याच्या फाटकापाशी उभं राहून आता ते परत म्हणून बघितलं, तर ते खोटंही वाटेना आणि खरंही वाटेना.

कालच नव्या साहेबांचा फोन आला होता. नवे साहेब म्हणजे एके काळी त्याच्याच हाताखाली शिकलेला, ‘सर सर’ करणारा. “सर, उद्या नाही परवा कार्यक्रम ठेवलाय. तुमचा सत्कार. आणि चिंगीला आणायचंच हं! आता नाव उघड सांगायला हरकत नाही असं वरून आलंय. इतकी वर्षं आम्ही रोज जिचं नाव घेतो, ती बघू तरी दे सगळ्यांना. स्टेजवर बोलावू तिला.” आपण वेड्यासारखे हसलो होतो फोनवर. ‘आता हरकत नाही’ म्हणजे का हरकत नाही, हे विचारायचं सुचलंच नाही. वाटलं, जुनं झालं असेल, म्हणून उघड करत असतील. लेकीला फोन केला तर ती किंचाळलीच. “म्हणजे शेवटी कळणार! माझ्या नावाचं काय आहे ते! बाबा, मी नवीन साडी घेणार, सांगून ठेवते.” तिला लहानपणापासून एवढंच माहीत होतं की बाबाच्या ऑफिसात कशाला तरी तिचं नाव दिलंय आणि ते गुपित आहे. शाळेत तिने एकदा ठोकून दिलं होतं की माझ्या नावाचा तारा आहे. आता ती चांगली दातांची डॉक्टर झाली, पोरांना खुर्चीत बसवून त्यांची समजूत घालते, पण त्या गुपिताचं नाव काढलं की अजून तोंडावर तेच येतं, तेव्हाचं. आणि उद्या स्टेजवर हार घालून, माइकवरून, टाळ्यांत, कुणीतरी तिला सांगणार. त्याच्या आधी आपण सांगायला हवं. पण काय सांगायचं? नेमकं काय सांगायचं?

घरी पोचला तेव्हा बायको दारातच होती. तिने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. “आलात? छान. बॉलकॉक कुठाय?” तो म्हणाला, “नव्हता.” “हार्डवेअरच्या दुकानात बॉलकॉक नव्हता! उद्या म्हणाल नळाला पाणी नव्हतं. वर जा आता, वाहतंय कधीचं. खालचीने दोनदा बेल वाजवून झाली, मी आपली आत लपून बसलेय स्वतःच्या घरात.” मग आवाज उतरवून, “बरं नाही का वाटत? असे काय दिसताय?” त्याला वाटलं हिला सांगावं. हिला चिंगीच्या लहानपणीचा तो दिवस आठवत असेल. पण हिला आठवेल ते वेगळंच. त्या दिवशी हिने त्याच्या सांगण्यावरून गच्चीतल्या दोरीवरचे कपडेसुद्धा काढून ठेवले होते आणि वर कुणी जायचं नाही म्हणून बजावलेलं असताना पोरगी गच्चीवर निसटली, म्हणून नंतर तिला धपाटा घातला होता, एवढं तिला आठवेल. तो जिना चढला.

गच्चीवर पाणी पसरलं होतं. त्याने टाकीचं झाकण सरकवलं, बाही वर केली आणि आत हात घालून तो तरंगणारा गोळा वर उचलून धरला. पाणी थांबलं. सोडला की सुरू, धरला की बंद. म्हणजे आता असंच उभं राहायचं, टाकीत हात घालून. चला, हेही बरंच झालं, माणसाला काहीतरी काम हवं. समोर डावीकडे कठडा होता. तोच. रंग उडालेला, कोपऱ्यात तडा गेलेला. त्यांच्या ऑफिसात एक रीत पडून गेली होती. क्षेपणास्त्र नुसतं पंखाखाली बांधून, न सोडता, त्याच्या डोळ्याची चाचणी घ्यायची तर खाली एखादी गच्ची लागे, जिची इंच न् इंच मापं माहीत आहेत. परक्याची गच्ची मागायची तर दहा ठिकाणी परवानगी आणि वर शंभर प्रश्न. म्हणून ज्याचं काम तपासायचं असेल त्याच्याच घराची गच्ची घ्यायची. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट चेष्टा चालायची, “काय, आज तुझ्या घरावर ना? वहिनींना सांग, चहा टाका.” क्षेपणास्त्रात दारू नसायची, नुसता डोळा. त्याची पाळी आली तेव्हा त्याने हीच टाकी लक्ष्य म्हणून दिली होती, स्वतः मोजपट्टी घेऊन मापली होती, आणि पहाटे निघताना राहवलं नाही म्हणून पोरीच्या कानात सांगितलं होतं, “चिंगे, आज बाबाचं विमान जाणार बरं का आपल्यावरून.”

ऑफिसच्या अंधाऱ्या खोलीत सगळे पडद्यासमोर. चौकोन टाकीवर घट्ट. आणि एकदम कठड्यापाशी पांढरा ठिपका. त्या कॅमेऱ्याला रंग दिसत नाहीत, ऊब दिसते. ऊन पडायच्या आधीच्या गार गच्चीवर एक ऊबदार ठिपका, दोन्ही हात वर करून नाचत होता. चौकोनाने टाकी सोडली आणि उडी मारून ठिपक्यावर जाऊन बसला. मग विमान वळलं, लांब गेलं, तरी सोडेना. ठिपका धावला तर चौकोन मागे धावला. खोलीत हसून हसून पुरेवाट. “भिंगाच्या पोरीने नेम पळवला!” आजोबासुद्धा डोळे पुसत होते. तोही हसत होता, आणि छातीत काहीतरी भरून आलं होतं, कारण त्याने शिकवलेल्या यंत्राने हजार वस्तूंतून त्याच्याच पोरीला निवडलं होतं. संध्याकाळी घरी आला तर पोरगी धपाट्याचं रडू विसरून गळ्यात पडली. “बाबा, मी दिसले का?” “हो, दिसलीस ना. अगदी स्पष्ट!” “मग विमानाने काय केलं?” “तुझ्याकडे बघितलं. बघतच राहिलं.” त्यानंतर कितीतरी वर्षं ती प्रत्येक विमानाला हात करायची. दुसऱ्या दिवशी आजोबांनी त्याला बोलावलं. हसू गेलेलं. “हे चालायचं नाही. उद्या कुणी कुत्रं सोडेल, कुणी कोंबडी सोडेल, आणि आपलं यंत्र त्याच्यामागे गल्लीत शिरेल. गल्लीत, कळतंय ना? लहान, हलणारं, ऊबदार काहीही असो, त्याने नजर हलता कामा नये.” बरोबरच होतं. तो कामाला लागला. तीच फिल्म, परत परत. पोरगी हात करायची आणि चौकोन तिच्याकडे जायचा. आकडे बदलायचे, परत लावायची. पोरगी हात करायची, चौकोन अर्ध्या वाटेवरून मागे फिरायचा. परत. किती वेळा तिने हात केला असेल! आणि एक दिवस चौकोन नुसता दचकला, आणि टाकीवर परत आला. त्या दिवशी त्याने सगळ्यांना चहा पाजला. नको ते गाळायच्या त्या आकडेमोडीला, त्या गाळणीला, नाव कुणी दिलं आठवत नाही, पण तेच चिकटलं. उड्डाणाआधी विचारायचेच, “चिंगी लावली का?” “लावली, सर.” दचकणं तेवढं राहून गेलं. ते काढून टाकता आलं असतं. त्याने काढलं नाही. का नाही काढलं? वेळ नव्हता, असं तेव्हा त्याने सांगितलं होतं.

मग आज जे बघितलं ते काय होतं? ठिपका कुत्रं असेल. वाळत घातलेली चादर असेल, तापलेली. माणूस असेलच असं काही नाही. तो आयुष्यभर ठिपके बघत आला, त्याला सांगता येत नाही तर दुसऱ्या कुणाला सांगता येईल? आणि गाळणी नसती तर यंत्र सरळ त्या ठिपक्यावरच गेलं असतं. म्हणजे गाळणीने ठिपक्याला वाचवलं? वाचवलं कसं, टाकी आणि ठिपका एकाच गच्चीवर. पण शेजारची गल्ली शाबूत राहिली, ते चित्रातच दिसत होतं. आजोबा असते तर म्हणाले असते, बघ, गल्ली राहिली. आणि मग चष्मा पुसला असता का? त्याचा हात गार पडत चालला होता. त्याला आजोबांचा राग आला, मग स्वतःचा, मग उगीचच त्या दुकानदाराचा.

“बाबा! टाकीत काय पोहायला उतरतोयस?” लेक जिन्यातून वर आली होती, पदर खोचून, चपला हातात. “आई म्हणाली तुझं काहीतरी बिनसलंय. ही बघ साडी, तिने नेसायलाच लावली, उद्याची रंगीत तालीम.” तिने गिरकी घेतली, मग त्याच्या तोंडाकडे पाहून थांबली. “काय झालं?” तो म्हणाला, “तू तो व्हिडिओ बघितलास?” “माझ्या दवाखान्यात सगळे तेच बघत होते. मला नाही आवडत असलं.” मग तिच्या लक्षात आलं. ती दंतवैद्य होती, तोंड न उघडणाऱ्या माणसांची तिला सवय होती. “ते तुमचं आहे?” “हो.” “आणि माझ्या नावाचं जे काय आहे, ते त्याच्यात आहे?”

त्याने सांगितलं. एक हात टाकीत ठेवूनच, दुसऱ्या हाताने दाखवत, नव्या माणसाला शिकवावं तसं, की चौकोन असा इथे होता, तू तिथे होतीस, तू हात केलास, तो तुझ्याकडे गेला. “ते तू सांगितलं होतंस,” ती म्हणाली. “बघत राहिला म्हणालास.” “हो. पहिल्यांदा बघत राहिला. मग मी ते काढलं. म्हणजे... तू दिसायचीस त्याला, अजूनही दिसतेस, पण त्याने परत टाकीकडे वळायचं. तेवढं वळवणं म्हणजे चिंगी.” पुढे त्याला खूप काही सांगायचं होतं, पूल, गल्ली, कुत्रं, आजोबा, पण त्यातलं आधी काय सांगायचं तेच त्याला ठरवता येईना. तिने टाकीकडे पाहिलं, मग विचारलं, “आजच्या त्याच्यात, तो मधेच हलला...” “हो.” “म्हणजे तिथे कुणीतरी होतं.” “काहीतरी होतं.” “कोण?” “माहीत नाही, बाळा. खरंच माहीत नाही. त्याला ते विचारायला आम्ही शिकवलं नाही.”

तिने चपला खाली ठेवल्या. ओल्या गच्चीवरून, साडीचे काठ भिजू देत, ती कठड्याच्या त्या कोपऱ्यात गेली, तड्यापाशी, आणि वळून उभी राहिली. तिथे ती आता किती मोठी दिसत होती. तिने एक हात वर केला आणि हलवला, सावकाश, एकदाच, लहान मूल हलवतं तसा नव्हे. त्याला वाटलं जावं, तिला जवळ घ्यावं, नाहीतर निदान असं बघत राहावं, नजर न काढता, आज तरी. तेवढ्यात टाकीत गुडगुड झालं. बधिर झालेल्या बोटांतून गोळा निसटला होता आणि पाणी सुटलं होतं. त्याने टाकीत पाहिलं, चाचपडून गोळा पकडला, वर उचलला, पाणी थांबलं. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ लागला असेल. त्याने मान वर केली तर तिचा हात खाली आला होता.

“दिसले का, बाबा?” तिने विचारलं.

“हो,” तो म्हणाला, “दिसलीस ना. अगदी स्पष्ट.”

“मग वळलास का?”